ऑटोमॅटिक गाडीचा गियरबॉक्स उतरवण्याआधी

टो होऊन आलेल्या ऑटोमॅटिक गाडीचा मालक बहुतेक वेळा निकाल सोबतच घेऊन येतो: "गियरबॉक्स गेलाय, एकाने बघून सांगितलं." अशा वेळी मी बॉनेट उघडत नाही. ड्रायव्हरच्या सीटवर बसतो, ब्रेक दाबतो आणि मागे उभ्या केलेल्या पोराला विचारतो, "लाइट लागतोय का रे?" हसण्यावारी नेऊ नका. ब्रेक पेडलच्या वरचं ते बोटाएवढं स्विच बिघडलं, की ब्रेक दाबल्याचं गाडीच्या कॉम्प्युटरला कळतच नाही. मग लिव्हर पी (पार्क) मधून हलत नाही, किंवा एएमटी (यंत्राने गियर बदलणारी मॅन्युअल, पुढे येतेच) असेल तर गाडी एन (न्यूट्रल) सोडायला तयार नसते. ब्रेक लाइटचा फ्यूज उडाला तरी हेच होतं. काहीशे रुपयांचं काम, आणि माणूस रात्रभर लाखाचा हिशोब करून आलेला असतो.

या लेखातला सगळा क्रम याच विचाराने लावलाय: बाहेरून आत, स्वस्ताकडून महागाकडे. गियरबॉक्स खाली घेणं ही सगळ्यात शेवटची पायरी.

आधी जात ओळखा

"ऑटोमॅटिक" हे एकच नाव असलं तरी आपल्याकडच्या घरगुती गाड्यांत चार वेगवेगळी यंत्रं या नावाने फिरतात. एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही, उलट घात करतो.

एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गियरबॉक्स आणि साधी क्लच प्लेट. फक्त क्लच दाबायला पायाऐवजी आणि गियर टाकायला हाताऐवजी यंत्र. २०१४ साली सेलेरियोतून ही पद्धत आपल्याकडे आली आणि छोट्या गाड्यांत पसरली. ओळख सोपी आहे: बहुतेक एएमटी गाड्यांच्या लिव्हरवर पी नसतो. दुसरी जात टॉर्क कन्व्हर्टरची, म्हणजे मुळातली ऑटोमॅटिक. इनोव्हा क्रिस्टाची किंवा अर्टिगाची ऑटोमॅटिक घ्या. यात इंजिनची ताकद ऑइलमधून पुढे जाते. तिसरी सीव्हीटी, होंडा सिटी किंवा अमेझमधली; हिच्यात गियरच्या पायऱ्या नाहीत, दोन पुलींमध्ये पोलादी पट्टा फिरतो. चौथी दोन क्लचची डीसीटी, फोक्सवॅगन जिला डीएसजी म्हणते.

आपली कोणती हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. गॅरेजवाल्याने विचारलं आणि तुम्ही नुसतं "ऑटोमॅटिक" म्हणालात, तर डॉक्टरला "पोटात दुखतंय" एवढंच सांगितल्यासारखं होतं.

बॉनेट उघडून पंधरा मिनिटं

बॅटरीपासून सुरुवात करा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ च्या खाली असेल तर आधी तिचं बघा. इंजिन सुरू केल्यावर साधारण १३.८ ते १४.५ मिळायला हवेत (काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर मुद्दाम कमी-जास्त केला जातो, तेवढं ध्यानात ठेवा). सोलेनॉइड (विजेवर चालणारे ऑइलचे छोटे व्हॉल्व्ह), पंप, कॉम्प्युटर सगळं या व्होल्टेजवर जगतं. व्होल्टेज पडलं की गियरबॉक्स वेड्यासारखा वागतो, आणि दोष त्याचा नसतोच.

मग अर्थिंग. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि गियरबॉक्सच्या केसिंगला जाणारी पट्टी शोधा. माझ्याकडे एकदा घाट चढला की एन लुकलुकून बंद पडणारी एएमटी आली होती. दोन ठिकाणी स्कॅन होऊन आलेली. पट्टीचा बोल्ट दिसायला घट्ट होता, पण सोडल्यावर खालचा वॉशर हिरवट-पांढऱ्या पावडरीने भरलेला. सँडपेपरने घासून परत आवळला, तक्रार गेली. व्होल्टेज ड्रॉप मोजायची सवय असती तर मलाही त्यासाठी अर्धा दिवस लागला नसता. मल्टीमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी गियरबॉक्सच्या धातूला लावा आणि स्टार्टर मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगमध्ये घोळ आहे.

तिसरं, इंजिनची माउंटिंग, म्हणजे इंजिन-गियरबॉक्स ज्यांच्यावर बसतात ते रबरी आधार. डीमधून (पुढे) आरला (रिव्हर्स) टाकताना "ठाप" असा आवाज आणि सीटखाली धक्का बसला की लोक गियरबॉक्सवर खापर फोडतात. मीही फोडलंय. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गाडीचा गियरबॉक्स उतरवला, आत सगळं चकाचक. परत चढवताना बघतो तर खालच्या माउंटिंगचं रबर मधोमध चिरलेलं. ती मजुरी मी मागितली नाही, मागायला तोंडच नव्हतं. तपासणी अशी: बॉनेट उघडं, हँडब्रेक लावलेला, ब्रेक पायाने घट्ट दाबलेला, गाडीच्या समोर कोणीही नाही, बाजूला उभं राहून एकाने बघायचं, दुसऱ्याने डी-एन-आर असं सावकाश टाकायचं. इंजिन बोटभर उचललं गेलं तर रबर संपलंय.

चौथं, स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. डॅशबोर्डखाली, स्टिअरिंगच्या जवळपास सोळा पिनांचा सॉकेट असतो. मोबाइलला जोडायचा स्वस्त ब्लूटूथ डोंगलही इंजिनचे कोड वाचतो. पण पी०७०० दिसला म्हणून गियरबॉक्स गेला असं समजू नका. त्या कोडचा अर्थ फक्त एवढाच, की गियरबॉक्सच्या कॉम्प्युटरने इंजिनच्या कॉम्प्युटरला "दिवा लाव" म्हणून सांगितलं. खरं कारण गियरबॉक्सच्याच कॉम्प्युटरमध्ये लिहिलेलं असतं आणि ते वाचायला बऱ्याचदा चांगला स्कॅनर लागतो. पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी, पी०५७१ ब्रेक स्विच, पी०७१५ आणि पी०७२० आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या शाफ्टचे स्पीड सेन्सर, पी०७४१ टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप (इंजिन आणि गियरबॉक्स थेट जोडणारा आतला क्लच). पी०७३१ पासून पुढचे कोड म्हणजे त्या त्या गियरचं गुणोत्तर जुळत नाही, थोडक्यात कुठेतरी घसरतंय. कोड आधी कागदावर लिहा, मगच पुसा. पुसून टाकलेला कोड म्हणजे पंचनाम्याआधी धुतलेली फरशी.

एएमटी: तक्रारी सगळ्यात जास्त, बिघाड मोजकेच

बऱ्याच एएमटी गाड्यांत ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की बॉनेटखालून "गुर्रर्र" असा आवाज येतो. तो पंप आहे. ऑइलचा दाब साठवून ठेवतोय. हा आवाज आजार नाही, पण नाडी बघायला उत्तम. पंप काही सेकंद चालून थांबायला हवा. उभ्या गाडीत दर थोड्या वेळाने, किंवा चालवताना प्रत्येक गियरला तो सुरू होत असेल तर दाब टिकत नाहीये. कारण एक तर गळती, नाहीतर अ‍ॅक्युम्युलेटर. हा नायट्रोजन भरलेला छोटा डबा असतो. आतला गॅस उतरला की दाब साठवायला जागाच राहत नाही. तो बदलून मिळतो, आणि पंप जळण्याआधी बदलला तर पंपही वाचतो.

गळती बघायला टॉर्च घेऊन अ‍ॅक्च्युएटरच्या (क्लच-गियर हलवणाऱ्या यंत्राच्या) आजूबाजूला ओलसर, धूळ चिकटलेली जागा शोधा. मात्र पाइप सोडायला जाऊ नका. या यंत्रणेत दाब ४०-५० बारच्या घरात असतो. गाडीच्या टायरमध्ये जेमतेम सव्वादोन बार असतो, यावरून अंदाज घ्या. स्कॅनरने दाब उतरवल्याशिवाय पाना लावायचा नाही.

या यंत्रणेच्या ऑइलच्या टाकीबाबत एक चूक फार जण करतात. दाब साठलेला असताना ऑइल अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये गेलेलं असतं, म्हणून टाकीतली पातळी खाली दिसते. दाब उतरला की ती आपोआप वर येते. पातळी कोणत्या स्थितीत बघायची ते मॅन्युअलमध्ये असतं, ते न बघता "कमी दिसतंय" म्हणून भरलं की ते उतू जातं. आणि त्यात ब्रेक ऑइल कदापि ओतायचं नाही. आतली रबरी सील फुगून सगळा कारखाना बसतो. क्लच-गियर चालवणारं हे ऑइल वेगळं आणि गियरबॉक्समधलं गियर ऑइल वेगळं. एक बदललं म्हणजे दुसरंही बदललं असं नाही. काही गाड्यांत हे सगळं काम इलेक्ट्रिक मोटरने होतं, तिथे अशी टाकी नसतेच. शोधत बसू नका.

आता क्लच. एएमटीची क्लच प्लेट मारण्याचा हमखास रस्ता म्हणजे चढावर अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागेवर धरून ठेवणं. कसारा घाट चढताना ट्रकच्या मागे रखडल्यावर आपण सगळेच हे करतो. मॅन्युअलमध्ये क्लचचा वास आला की पाय आपसूक उचलला जातो, इथे पायाखाली पेडलच नाही. गाडी धरायची ती ब्रेकने. प्लेट संपली आहे का हे बघायला मोकळ्या, सपाट रस्त्यावर मॅन्युअल मोडमध्ये चौथा गियर घ्या, वेग ४०च्या आसपास ठेवा आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबा. आरपीएमचा काटा वर पळाला आणि वेग मागेच राहिला, तर प्लेट घसरते आहे. चांगल्या स्कॅनरवर क्लच किती झिजला आणि तो कुठे पकडतो याचे आकडेही दिसतात.

प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला. फ्लायव्हीलवर निळसर डाग किंवा बारीक चिरा दिसल्या तर तेही बघून घ्या. एवढं करून काम संपलं असं वाटतं, आणि नेमकी इथेच माशी शिंकते. नवी प्लेट जाडीला वेगळी असते. ती कुठे पकडते हे कॉम्प्युटरला स्कॅनरने शिकवावं लागतं. याला क्लच लर्निंग म्हणतात. "नवीन क्लच टाकला आणि गाडी आधीपेक्षा जास्त झटके देते" म्हणून आलेल्या गाड्यांत मी पहिल्यांदा हेच विचारतो. उत्तर बहुतेक वेळा "ते काय असतं?" असं येतं.

एक कबुलीही द्यायला हवी. पहिल्यावरून दुसऱ्याला जाताना एएमटी गाडी जी मान डोलावते, तो तिचा स्वभाव आहे. त्याला औषध नाही. गियर बदलताना अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय किंचित सैल सोडा, निम्मं डोलणं जाईल.

टॉर्क कन्व्हर्टर: सगळी भाषा ऑइलची

या गियरबॉक्सची तब्येत ऑइलच सांगतं. थेंबभर ऑइल पांढऱ्या टिश्यू पेपरवर टाका. बहुतेक एटीएफ (ऑटोमॅटिक गियरबॉक्सचं ऑइल) नवं असताना लाल असतं. तपकिरी झालं तर म्हातारं झालंय, बदला. काळं आणि जळक्या वासाचं असेल तर आतल्या क्लच प्लेटा जळतायत. अशा ठिकाणी ऑइल बदलून घसरणं थांबेल अशी आशा ठेवू नका. आणि गुलाबी सरबतात दूध ओतावं तसा रंग असेल तर गाडी सुरूच करू नका. रेडिएटरच्या आत गियर ऑइल थंड करणारी नळी फुटून कूलंट मिसळलंय. ते क्लचचं अस्तर उकलून टाकतं.

घरच्या घरी करता येईल अशी एक चाचणी आहे. ऑइल गरम झाल्यावर, ब्रेक घट्ट दाबून एनमधून डीला टाका आणि हलका धक्का जाणवेपर्यंतचा वेळ मोजा. टोयोटाच्या गाड्यांना डीसाठी १.२ सेकंद आणि आरसाठी १.५ सेकंद ही मर्यादा असते. इतरांचंही साधारण असंच. दोन-तीन सेकंद लागत असतील तर ऑइल कमी आहे, फिल्टर तुंबलाय किंवा आतली सील कडक झाली आहेत.

दुसरी तक्रार थरथरीची. ५० ते ८० च्या वेगात, हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर, रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखी गाडी थरथरते. ही लॉक-अप क्लचची असू शकते, तशीच इग्निशन कॉइलचीही. फरक ओळखायला मोकळ्या रस्त्यावर, मागे गाडी नसताना, थरथर चालू असताना अ‍ॅक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा, लाइट लागण्यापुरता. ब्रेकचा इशारा मिळताच लॉक-अप सुटतो. थरथर त्या क्षणी थांबली तर ऑइल आणि कन्व्हर्टरकडे बघा. थांबली नाही तर स्पार्क प्लग आणि कॉइलकडे.

ऑइल बदलण्याचं काम अंगणात होऊ शकतं, पण क्रम पाळा. गाडी चारही बाजूंनी सारख्या उंचीवर स्टँडवर हवी. नुसत्या जॅकवर खाली शिरणारा माणूस मी गॅरेजमध्ये ठेवत नाही. चाकांना दगड लावा. आता सगळ्यात महत्त्वाचं: आधी भरायचा प्लग सोडून बघा, मगच काढायचा. भरायचा प्लग गंजून बसला असेल आणि ऑइल आधीच काढलं असेल, तर गाडी जागेवरून हलणार नाही आणि तुम्हीही.

निघालेलं ऑइल मापाच्या भांड्यात घ्या, कारण तेवढंच परत घालायचंय. एका वेळी साधारण निम्मंच निघतं, उरलेलं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून पूर्ण बदल हवा असेल तर काही दिवस गाडी चालवून पुन्हा एकदा, वाटल्यास तिसऱ्यांदा काढा-भरा. यंत्र लावून दाबाने फ्लश करण्याचा मी भोक्ता नाही, विशेषतः लाखभर किलोमीटर ऑइल न बदललेल्या गाडीत. बसलेली घाण उठून व्हॉल्व्ह बॉडीत (ऑइलचे रस्ते उघड-बंद करणाऱ्या भागात) जाते. पॅन (गियरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं ताट) काढलात तर आतल्या चुंबकावर काळी, बोटाला गुळगुळीत लागणारी लापशी दिसेल. ती नेहमीची झीज आहे. नखाला टोचणारे कण किंवा चकचकीत तुकडे सापडले तर पॅन परत लावून पुढचा विचार करा.

ऑइल तेच, जे मॅन्युअलमध्ये छापलंय. टोयोटाचं डब्ल्यूएस आणि ह्युंदाईचं एसपी-४ ही एकाच कपाटातली दोन औषधं नव्हेत. "सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं" असा डबा दुकानदाराने पुढे केला तर नम्रपणे परत करा.

पातळी बघताना डिपस्टिक असेल तर सपाट जागा, इंजिन चालू, ऑइल गरम, लिव्हर सगळ्या गियरमधून एकदा फिरवून पीमध्ये. डिपस्टिक नसेल तर खाली पातळीचा प्लग असतो. स्कॅनरवर ऑइलचं तापमान बघत राहायचं, कंपनीने सांगितलेल्या अंशाला पोचलं की प्लग उघडायचा. बारीक धार थेंबांवर आली की पातळी बरोबर. नुसतं "अंदाजे गरम" चालत नाही, कारण ऑइल तापलं की फुगतं आणि कमी भरलेलंही पुरेसं वाटतं.

एवढं करून एखादाच गियर झटका देत असेल तर सोलेनॉइड मोजा. कनेक्टर काढून मल्टीमीटर ओहमवर ठेवा. साधा चालू-बंद सोलेनॉइड बऱ्याच गाड्यांत ११ ते १५ ओहम दाखवतो, दाब नियंत्रित करणारा ५ च्या आसपास. तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. अनंत दाखवलं तर तार तुटली, शून्याजवळ दाखवलं तर शॉर्ट. सोलेनॉइड बदलायला गियरबॉक्स उतरवावा लागत नाही. बहुतेक गाड्यांत पॅन किंवा बाजूचं झाकण काढून व्हॉल्व्ह बॉडीपर्यंत हात पोचतो. फक्त त्या बोल्टांची लांबी वेगवेगळी असते. पुठ्ठ्यावर व्हॉल्व्ह बॉडीचं चित्र काढून ज्याच्या त्याच्या जागी बोल्ट खोचून ठेवा. आवळायचे ते टॉर्क पान्यानेच, हाताच्या अंदाजाने नाही.

सीव्हीटी आणि डीसीटीबद्दल थोडक्यात

सीव्हीटी चढावर इंजिन ओरडवते आणि वेग सावकाश वाढतो; हा घसरण्याचा पुरावा नाही, ती तशीच चालते. सुटताना हबके, वेगाबरोबर वाढणारी शिट्टी, ही मात्र खरी लक्षणं. इथे ऑइलचं काम नुसतं वंगणाचं नसतं. पट्टा आणि पुलीची पकडही तेच सांभाळतं. म्हणून साधं एटीएफ घालणं म्हणजे पट्टा कापून टाकणंच. होंडाला एचसीएफ-२ लागतं, त्याला पर्याय शोधू नका. ब्रेक दाबून अ‍ॅक्सिलरेटर तळाला नेण्याची जुनी स्टॉल चाचणी सीव्हीटीवर कुणी करायला लागला तर किल्ली काढून घ्या.

डीसीटीत, विशेषतः कोरड्या क्लचच्या, शत्रू एकच: उष्णता. खोळंबलेल्या वाहतुकीत हातभर-हातभर पुढे सरकत राहण्याऐवजी समोर जागा होऊ द्या आणि मग एकदम पुढे जा. तापमानाचा इशारा आला तर बाजूला घेऊन पीमध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबा. आतलं काम मात्र खास हत्यारांचं आहे, तिथे घरगुती हौस नको.

उतरवायचाच झाला तर

बाहेरचं सगळं बघून झालं, ऑइल जळकं आहे, चुंबकावर तुकडे आहेत, गुणोत्तराचे कोड परत येतायत, आता उतरवा. फिटरला दोन गोष्टी आवर्जून विचारा. रेडिएटरचा ऑइल कूलर आणि त्याच्या नळ्या धुणार का? जुन्या गियरबॉक्सचा चुरा तिथे बसलेला असतो, तो नव्याला पहिल्याच दिवशी मिळतो. आणि परत बसवताना कन्व्हर्टर पूर्ण आत गेल्याचं मोजणार का? कन्व्हर्टर फिरवत आत ढकलताना तो टप्प्याटप्प्याने खच्‌-खच्‌ करत बसतो. शेवटचा टप्पा राहिला आणि बोल्ट आवळून गियरबॉक्स इंजिनला ओढला, तर ऑइल पंप तुटतो. सरळ मोजपट्टी आडवी धरून कन्व्हर्टर बेल हाउसिंगच्या (गियरबॉक्सच्या इंजिनकडच्या रुंद तोंडाच्या) कडेपासून किती आत आहे ते मोजतात. हे न मोजणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

टो करताना पुढच्या चाकांवर चालणारी ऑटोमॅटिक पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढायची नाही. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि गियरबॉक्सच्या आतली दातेरी चाकं कोरडी फिरतात. क्रिस्टासारखी मागच्या चाकांवर चालणारी असेल तर सरळ फ्लॅटबेडच बोलवा. पावसाळ्यात गाडी पाण्यात बुडाली असेल तर सुरू न करता तशीच उचलून आणा. गियरबॉक्सला हवेचं छिद्र असतं, पाणी तिथून शिरतं. ऑइल काढून बघितल्यावर दुधाळ निघालं, तर स्वच्छ निघेपर्यंत काढा-भरा.

काम झाल्यावर स्कॅनरने जुनं शिकलेलं पुसा आणि गाडी स्वतः चालवा: दहा मिनिटं गल्लीबोळात, मग थोडा महामार्ग, एक चढ, आणि चढावरच एकदा रिव्हर्स. रात्री खाली स्वच्छ पुठ्ठा अंथरून गाडी उभी करा. सकाळी पुठ्ठ्यावर लाल थेंब दिसला, तर तो कुठल्या बोल्टच्या खाली पडलाय तिथे पेनाने खूण करा आणि पुठ्ठ्यासकट गाडी परत घेऊन या.